सुमतबाईच्या अंगणाकडची खिडकी

१२ डिसेंबर

संतोचा बेडक्याचा रिपोर्ट आला. टी.बी.च आहे.

खमरियाच्या पुढं धुकं इतकं की स्कूटी चालवली काय न् ढकलली काय, सारखंच. टिकरीटोल्यात आशा वर्कर गीता रस्त्यावरच उभी होती. म्हणे, दीदी तुम्हीच सांगा तिला, माझ्यानं नाही होत.

संतो पंचविशीची असेल. हल्के मिस्त्रीची बायको. एक पोरगी, गुड्डी, अजून शाळेत जात नाही. सासरा बाहेर ओसरीत बाजेवर असतो, त्याला सारं गाव बब्बा म्हणते. बाकी घर म्हणजे एक खोली. मी आत गेली आणि थोडा वेळ काहीच दिसलं नाही. दाराशीच चूल, धूर सारा आत. गॅसची शेगडी आहे, पण ती पाहुण्यांच्या चहापुरती. कोपऱ्यात तेंदूची पानं आणि तंबाखूचं सूप, ही तिथंच बसून बिड्या वळते. खिडकी नाही, झरोका नाही. छपराच्या कवेलूतून उजेडाच्या दोन-तीन चिरा, बस. बाहेर भर दुपार अन् आत दिवेलागण.

पहिल्या गोळ्या माझ्यासमोर घ्यायला लावल्या. रडली नाही. एवढंच विचारलं, "गुड्डी को तो नहीं होगा?"

निघताना गीतानं सांगितलं, हिची सासू याच खोलीत खोकून खोकून गेली. त्याला दोन हिवाळे झाले.

१४ डिसेंबर

सुट्टी. दिवसभर डोक्यात तीच खोली. यांना म्हटलं, नवरा मिस्त्री आहे हो, शहरात लोकांची घरं बांधतो, अन् स्वतःच्या घराला एक भोक नाही. हे मेथी निवडून राहिले होते. म्हणाले, तू विचारलं काय त्याला, काहून नाही पाडली म्हणून? विचारलं नव्हतं. तो कामावर गेला होता.

मार्चअखेर माझी रिटायरमेंट. तिच्या गोळ्या मेपर्यंत चालायच्या. हे आजच सुचलं, उगाच.

१९ डिसेंबर

हल्के भेटला. उंच, अंगानं बारीक, बोलताना खाली पाहतो. खिडकीचं काढलं तर म्हणे, दीदी, तीन भिंतींना काही करता येत नाही. एकीला ओसरी, एकीला दुसऱ्याचं घर टेकलेलं, एकीवर कवेलू इतके खाली की हात पोचते. राहिली मागची. तिच्यामागं सुमतबाईचं अंगण.

मग? मग काही नाही. ती नाही म्हणते. अन् आमचं त्यांच्याशी बोलणं नाही. बब्बाच्या जवानीत हातपंपाच्या वाटेवरून भांडण झालं होतं, तेव्हापासून.

मी तशीच मागं फिरून सुमतबाईकडं गेली. विधवा आहे, दोन मोठ्या पोरी. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं नाही. दीवार त्यांची असेल, आंगन माझं आहे, म्हणाली. मी टी.बी. समजावून सांगू लागली, बंद हवा, उजेड, ऊन. तिनं ऐकून घेतलं सारं. अन् दार लावलं.

संताप आला. शेजारीण मरून राहिली अन् हिला हातपंपाचं भांडण. परतताना एका म्हशीला स्कूटी लागता लागता राहिली.

२६ डिसेंबर

गुड्डीचा एक्स-रे साफ! वजन कमी आहे पण आजार नाही. तिला बचावाच्या गोळ्या सुरू केल्या. गोळी गोड लागते म्हणून दुसरी मागून राहिली होती.

संतो पहिल्यांदा हसली. तीही माझ्यावर. म्हणे, दीदी तुमची हिंदी अशी, जशी कोणी चटणीत साखर टाकली. घरी मराठी बोलतो म्हटलं, आमचे बाबा भंडाऱ्याकडून आले फॅक्टरीत. तर म्हणे मराठीत काही बोलून दाखवा. काय बोलणार? म्हटलं, गोळ्या वेळेवर घे. तिनं तसंच म्हणून दाखवलं, 'गोल्या बेलेवर घे'. गुड्डी दिवसभर तेच म्हणत असेल आता.

थंडी फार. तिला ओसरीत झोप म्हणावं तर तिथं सासरा. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदरही हलू द्यायचा नाही, झोपायचं तर दूरच.

३ जानेवारी

लसीकरणाचा दिवस म्हणून लवकर निघाली. अंगणवाडीला कुलूप होतं. गीताची वाट पाहत सुमतबाईच्या मागच्या बाजूनं चालून राहिली होती, अन् दिसलं.

हातपंपाजवळ एक बाज उभी करून ठेवलेली, तिच्यावर जुनी चादर. मागं धाकटी पोरगी आंघोळ करून राहिली होती. साऱ्या कपड्यांनिशी, ओली, थंडीनं निळी. थोरली चादरीचं टोक धरून उभी. तिसरी बाजू हल्केच्या घराची मागची भिंत. तीच. बिनखिडकीची.

सुमतबाईनं मला पाहिलं. या वेळी ती स्वतःच आली. आवाज न चढवता बोलली. "दीदी, खिड़की खुल जाएगी तो मेरी लड़कियाँ कहाँ नहाएँगी?"

मी तिला काय काय समजून बसली होती. अंगणाच्या कडेला सरकारी संडास आहे, पाणी नाही म्हणून त्यात गोवऱ्या भरलेल्या. त्याकडं पाहत राहिली.

दिवसभर टोचत होती पोरांना, हात चालून राहिले होते, मन नाही.

४ जानेवारी

आईची आठवण. क्वार्टर मिळायच्या आधी आम्ही रांझीत भाड्याच्या खोलीत होतो. सार्वजनिक नळ. आई अंधारात उठून जायची, मी अन् ताई लुगडं धरून उभ्या. मला झोप यायची, लुगडं खाली यायचं, ताई चिमटा काढायची. आई कधी रागावली नाही, फक्त घाई घाई करायची. आयुष्यभर तिची आंघोळ घाईचीच राहिली, क्वार्टरात दार लागणारी न्हाणी मिळाली तरी.

यांना सुमतबाईचं सांगितलं. म्हणाले, मग आधी तिची न्हाणी बांधा, मग हल्केची खिडकी पाडा.

म्हटलं, बांधा म्हणे. कोण बांधणार?

म्हणाले, मिस्त्री तर घरातच आहे.

१० जानेवारी

हल्केला सांगितलं. त्यानं पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. म्हणाला, माझे कवेलू फुटलेले आहेत, मी त्यांच्या घरात न्हाणी बांधू? ज्यांनी माझ्या आईच्या मातीलाही येणं केलं नाही? गाडीला किक मारली अन् गेला.

बब्बा बाजेवर ऐकून राहिले होते. त्यांना म्हटलं, तुमचाही बेडका तपासू. म्हणाले, मैं ठीक हूँ. तोंड फिरवलं.

संतो आतून म्हणाली, दीदी, जाने दो. त्या 'जाने दो'नं जास्त वाईट वाटलं.

२१ जानेवारी

गीताचा फोन. संतो काही दिवसांपासून गोळ्या घेतच नव्हती. सुपात तंबाखूखाली दडवलेल्या सापडल्या. धावत गेली. कारण काय तर लघवी लाल होते, रक्त जाते म्हणून घाबरली. तो गोळ्यांचाच रंग, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, पण त्या दिवशी तिच्या कानात दुसरं काय शिरणार होतं? परत समजावलं. गीता रोज समोर बसून देईल.

खोकला कमी आहे. पण थकलेली दिसली. म्हणे, या खोलीत वेळच कळत नाही दीदी, सकाळचा धूर कोणता अन् संध्याकाळचा कोणता.

२ फेब्रुवारी

संतो गेली. बरगीच्या पुढं तिचं माहेर. हल्केनं काल गाडीवर नेऊन सोडलं, गुड्डीसकट. भांडण झालं नाही म्हणते गीता. बब्बा म्हणाले, काही दिवस आईनं खाऊ घालावं.

तिकडच्या नर्सबाईला फोन करून गोळ्या तिकडं वळवल्या. ओळखीची निघाली, बरं झालं.

असं कितीदा पाहिलं. माहेरी गेलेली आजारी सून. काही येतात परत, काहींच्या जागी...

नाही लिहीत.

८ फेब्रुवारी

हल्केला गाठलं. नेपियर टाउनमधे कुठल्याशा डॉक्टरच्या नव्या दवाखान्याचं काम चालू आहे, तिथं. दुसऱ्या मजल्यावर बाथरूममधे होता. भिंतीत व्हेंटिलेटरच्या झरोक्याची चौकट बसवून राहिला होता.

रागावायला गेली होती. त्याच्या हातात ती चौकट पाहिली अन् राग राहूनच गेला. त्यालाही कळलं असावं. थापी खाली ठेवली, पाणी प्यायला, मला रिकाम्या पोत्यावर बसवलं.

मग आपणहून बोलला, भिंतीकडं पाहत. आई शेवटी शेवटी एकच म्हणायची, बाहेर ने. पौषातली थंडी होती. त्यानं नाही नेलं, वाटलं थंडीनं जाईल. "अंदर ही चली गई. बाहर तो मैं फिर ले गया।"

खाली मिक्सर चालून राहिला होता.

थोड्या वेळानं विचारतो, सुमत चाचीच्या संडासाची भिंत पक्की आहे काय? असेल तर तिला टेकून दोनच भिंती लागतील.

चाची म्हणाला.

१६ फेब्रुवारी

न्हाणीचं काम सुरू! ठेकेदाराला विचारून हल्केनं तुटक्या विटा आणल्या, गाडीच्या मागं पोत्यात भरभरून. सुमतबाई आधी दारातच. विचारलं, कोणी सांगितलं याला? मी म्हटलं, कोणी नाही. खरंच होतं ते, मी सांगितलं तेव्हा तर तो निघून गेला होता. मग ती आत गेली. वाटलं संपलं. तर गोवऱ्या काढायला टोपलं घेऊन आली. थोरली पोरगी सिमेंट-वाळूचा मसाला कालवून राहिली होती, कमरेला ओढणी बांधून. हल्केनं तिला एकदा सांगितलं, पाणी कमी कर. बस तेवढंच बोलणं, पण झालं.

चहा आला. हल्केलाही. त्यानं कप दोन्ही हातांनी घेतला.

२२ फेब्रुवारी

न्हाणी झाली, आता खिडकी. आज हे माझ्यासोबत. खिडकीची जाळी यांनी केली. फॅक्टरीत सारा जन्म फिटर, घरी बसून हात शिवशिवतात. ओळखीच्या वेल्डरकडं रोज जाऊन बसायचे, घरी येऊन हिरवा रंग दिला. मी वीत धरून माप सांगितलं होतं.

तिथं गेलो तर हल्केनं भिंत फोडून ठेवलेली, अन् जाळी भोकापेक्षा कितीतरी मोठी. हे माझ्याकडं पाहून राहिले, मी यांच्याकडं. "तुझी वीत की हत्तीची?" म्हणाले. सुमतबाईच्या दोघी पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. जाळी कापायची तर परत शहरात न्या. हल्केनं जाळी भिंतीला लावून पाहिली, खडूनं रेघ मारली, अन् भोकच मोठं केलं. अशी ती खिडकी झाली, मागितली त्याच्या दुप्पट.

शेवटच्या विटा निघाल्या तसे बब्बा आत आले. मी त्यांना खोलीत कधी पाहिलं नव्हतं. भिंती काळ्या कुट्ट, धुराचा थर चकाकून राहिला होता उजेडात. बब्बांनी हात लावून पाहिला, बोटं पाहिली. "इतनी काली थी?" विचारलं. कोणाला, काय माहीत. बराच वेळ उभे होते.

संतो असती आज तर.

५ मार्च

संतोशी फोनवर बोलली. तिच्या आईच्या ओसरीत झोपते. दोन महिन्यांची तपासणी झाली, बेडक्यात आता काही नाही. वजन वाढलं. आवाजच दुसरा.

खिडकीचं तिला हल्केनं सांगितलं होतं, पण तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. काय दिसते म्हणे त्यातून? म्हटलं, सुमतबाईच्या न्हाणीची मागची भिंत, एक पपईचं झाड, थोडं आभाळ. म्हणजे दिवसभर सुमत चाचीच दिसणार, म्हणाली. हसली. मग विचारलं, दीदी, चूल कुठं आहे?

चूल तिथंच आहे.

१७ मार्च

हल्के परवा आणायला गेला होता, एकटाच परतला. संतो म्हणाली, चूल बाहेर गेली की येईन. तिच्या आईनंही तेच म्हटलं. याच्या तोंडावर राग नव्हता, चकित होता नुसता. "पहले तो कुछ माँगती नहीं थी।"

मी म्हटलं, आता बरी होऊन राहिली ना.

त्यानं ओसरीच्या टोकाला जाऊन जागा पाहिली. तिथं बब्बांची बाज.

३१ मार्च

रिटायर झाली. शाल, नारळ, समोसे. डॉक्टर साहेब चांगलं बोलले. गीता रडली, मला वाटलं मी रडेन पण नाही. नव्या मॅडमला सारं समजावून दिलं. संतोचं जरा जास्तच सांगितलं बहुतेक, त्या घड्याळ पाहून राहिल्या होत्या. तरुण आहेत. करतील.

घरी आली तर यांनी खीर केली होती. बुद्धवंदना घेतली, जेवलो. लेकीचा, रश्मीचा नागपूरहून फोन, नातू म्हणे, आजी अब तुम फ्री हो गई? हो म्हटलं, फ्री.

६ एप्रिल

काही काम नाही. आलमारी आवरली, परत आवरली. हे म्हणाले, सराफ्यात चल, तुझे कानातले नीट करायचे राहिले. गेलो. पूर्ण वेळ लक्ष नव्हतं.

१३ एप्रिल

उद्या जयंती. सकाळपासून वस्तीत निळ्या पताका बांधून राहिले. हे तिकडं.

गीताचा फोन, चूल हलली. बब्बांनी स्वतः बाज उचलली म्हणे, कोणी सांगितलं नाही. ओसरीत आता चूल, वर हल्केनं पत्रा टाकला. विचारलं, मग बब्बा झोपतात कुठं? गीता हसायला लागली. म्हणे, दीदी, आत. खिडकीखाली. म्हणतात, इथं हवा चांगली लागते.

१९ एप्रिल

गेली. कोणी बोलावलं नव्हतं. ऊन आत्ताच असं की कुंडम रोडवर डांबर मऊ. हल्के सकाळीच बरगीकडं गेला होता.

खोली ओळखू आली नाही. भिंतींना चुना, बिड्यांचं सूप बाहेर. खिडकीतून वारा येऊन राहिला होता, पपईचा वास. बब्बा खाली बाजेवर, धोतर गुडघ्यापर्यंत, छातीवर गमछा. गारवा घेऊन राहिले होते. दोनदा खोकले. मी ऐकलं. म्हणाले चुन्याची धूळ. असेल. गीताला बाजूला घेऊन सांगितलं, या वेळी 'मैं ठीक हूँ' ऐकायचं नाही. ती म्हणाली, बघते.

सुमतबाई पलीकडं अंगणात धुणं वाळत घालून राहिली होती. खिडकीसमोरची दोरी सोडून, थोडं दूर. तिची तीच म्हणाली, हवा अडते.

दुपार कलता कलता गाडी आली. गुड्डी टाकीवर, संतो मागं. अंगानं भरली आहे. मला पाहून थबकली, मग जवळ आली, माझा हात धरला, सोडला. पदर सावरून दारात गेली.

आत बब्बा डोळे मिटून. झोपले नव्हते, पाय हलून राहिला होता. हल्के बाहेरच गाडी पुसत बसला, पुसलेलीच परत. त्यानं विचारायला पाहिजे, की बब्बा, आता तुम्ही कुठं झोपाल. त्याच्यानं होईना. मी कोण सांगणारी? आता तर नोकरीही नाही.

संतो उंबऱ्यावर उभी. त्या खोलीत किती वर्षं राहिली, पण अशी नव्हती पाहिली. भिंती पाहिल्या, जाळी पाहिली, बाज पाहिली. सून सासऱ्याशी बोलत नाही. तिनं गुड्डीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "गुड्डी, बब्बा से कह, तनक सरकें. हमें खिड़की देखनी है।"

गुड्डीनं सांगितलंच नाही. सरळ बाजेवर चढली, बब्बांच्या पोटावर गुडघा टेकून, जाळी धरून उभी राहिली. संतो बाजेच्या कडेला टेकली, अगदी कडेला.

बब्बा सरकले. उठले मात्र नाहीत.